पर्लमधील ॲरे-ऑब्जेक्ट आणि प्रकार-तपासणी : एक चिकित्सक विवेचन

सारांश

पर्ल या संगणकभाषेतील ॲरेमध्ये कोणत्याही प्रकारचे मूल्य ठेवता येते. ही मोकळीक भाषेचे सामर्थ्य असली, तरी ज्या ॲरेकडून ‘येथे केवळ अमुक प्रकारचीच मूल्ये असतील’ अशी हमी अपेक्षित असते, तेथे तीच अडचण ठरते. ही हमी मिळविण्यासाठी पर्लमध्ये रूढ झालेल्या तीन पद्धतींची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. तपासणी कोठे उभी आहे आणि ती नेमके काय विचारते, या दोन गोष्टींवर तिचे मोल ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पर्ल, ॲरे, ऑब्जेक्ट, प्रकार-तपासणी, टाय, मूस, देवनागरी अंक.

प्रस्तावना

लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्लची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मजकुराच्या मोठमोठ्या फायलींमधून हवा तो भाग वेचणे आणि त्यावरून अहवाल तयार करणे हा या भाषेचा मूळ उद्देश होता. १९९४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने तिला रेफरन्स, मोड्यूल आणि ऑब्जेक्ट ही साधने दिली. मजकुरावर काम करणारी एक छोटी भाषा मोठ्या आज्ञावलींची भाषा झाली ती येथून. नव्वदच्या दशकात संकेतस्थळांवरील अर्ज भरून घेण्यापासून जीवशास्त्रीय माहितीच्या प्रक्रियेपर्यंत तिचा प्रसार झाला. मानवी जनुकसंच प्रकल्पातील निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या माहितीची परस्परांशी सांगड घालण्यात पर्लचा मोठा वाटा होता, याची नोंद लिंकन स्टाइन यांनी १९९६ च्या आपल्या लेखात घेतली आहे.

भाषेचा वापर असा वाढला, की तिच्या मूळच्या सवयींची परीक्षा होऊ लागते. पर्लची एक मूळ सवय म्हणजे ॲरेच्या बाबतीतील उदारता. ॲरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांची यादी. पर्लच्या ॲरेत पहिल्या जागी संख्या, दुसऱ्या जागी नाव, तिसऱ्या जागी दुसऱ्या एखाद्या यादीचा रेफरन्स असे काहीही सुखाने नांदू शकते. भाषा त्यास हरकत घेत नाही.

या उदारतेची किंमत एका साध्या उदाहरणावरून लक्षात येते. एखाद्या विषयातील पाच विद्यार्थ्यांचे गुण ॲरेत भरले आहेत, असे समजू. चौघांचे गुण ६२, ४८, ७१ आणि ५५ आहेत. पाचवा विद्यार्थी परीक्षेस गैरहजर असल्यामुळे त्याच्या जागी ‘अनु.’ असे लिहिले आहे. पर्लला या ॲरेची बेरीज करावयास सांगितली, तर ‘अनु.’ या अक्षरांचे संख्यात्मक मूल्य शून्य धरले जाते आणि बेरीज २३६ येते. ॲरेत पाच घटक असल्याने सरासरी ४७.२ निघते. प्रत्यक्षात परीक्षेस बसलेल्या चार विद्यार्थ्यांची सरासरी ५९ आहे. आज्ञावली बंद पडत नाही आणि उत्तर छापले जाते. आज्ञावलीत इशारे सुरू ठेवलेले असतील, तर संख्या नसलेल्या मूल्यावर बेरीज झाल्याची एक ओळ पडद्यावर येते. परंतु ती बेरजेच्या जागेकडे बोट दाखविते. चुकीचे मूल्य ॲरेत कोणी, केव्हा आणि कोणत्या मार्गाने आणले, याविषयी ती काहीच सांगत नाही.

‘गुणांची यादी’, ‘जनुकक्रमांची यादी’, ‘ग्राहकांची यादी’ अशा ॲरेला ऑब्जेक्टचे रूप देऊन तिच्यावर प्रकार-तपासणी बसवावी, ही मागणी अशा अनुभवांतून पुढे येते. ती पर्लमध्ये कितपत पुरी होते, याचा विचार पुढे केला आहे.

१. पर्लमध्ये ‘प्रकार’ कोठे असतो?

‘पर्लमध्ये प्रकारच नसतात’ असे विधान अनेकदा ऐकू येते. ते अपुरे आहे. पर्लमध्ये पात्रांचे प्रकार अगदी काटेकोर आहेत. एकेरी मूल्याच्या चलापुढे ‘$’, ॲरेपुढे ‘@’ आणि नाव-मूल्यांच्या जोड्या ठेवणाऱ्या हॅशपुढे ‘%’ ही चिन्हे येतात. त्यांमुळे पात्र कोणते हे वाचताक्षणीच कळते. पात्रात काय आहे, यावर मात्र भाषा बंधन घालीत नाही. एकेरी मूल्य संख्या असेल, अक्षरमालिका असेल किंवा रेफरन्स असेल.

मग मूल्याचा अर्थ ठरतो कोठे? तो क्रियेत ठरतो. ‘+’ हे चिन्ह दोन्ही बाजूंच्या मूल्यांना संख्या मानते, तर ‘.’ हे चिन्ह त्यांनाच अक्षरमालिका मानून जोडते. तुलनेसाठीही संख्यांची चिन्हे वेगळी आणि अक्षरांची वेगळी आहेत. वॉल यांनी भाषाशास्त्राचे शिक्षण घेतले होते. शब्दाचा अर्थ वाक्यातील स्थानावरून ठरावा, ही मानवी भाषांची रीत त्यांनी पर्लमध्ये जाणीवपूर्वक आणली.

या रीतीचा परिणाम ॲरेवर कसा होतो, हे क्रमवारी लावताना दिसते. ९, २० आणि १०० या संख्यांची क्रमवारी पर्लच्या मूळ पद्धतीने लावल्यास १००, २०, ९ असा क्रम मिळतो, कारण ती पद्धत अक्षरांची तुलना करते. हा दोष नव्हे. ‘हे घटक संख्या आहेत’ ही गोष्ट ॲरेला ठाऊक नसते, ती आज्ञावलीकाराने प्रत्येक क्रियेच्या वेळी नव्याने सांगावयाची असते. शिस्तीसाठी वापरले जाणारे ‘स्ट्रिक्ट’ हे साधनही येथे उपयोगी पडत नाही. घोषित न केलेली चले, नावावरून तयार केलेले रेफरन्स आणि अवतरणचिन्हांविना लिहिलेले शब्द यांना ते अटकाव करते. ॲरेतील घटकांच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही.

प्रकार-तपासणी जोडणे म्हणजे एका अर्थी या भाषेच्या स्वभावाला मुरड घालणे होय. क्रियेच्या जागी असलेला अर्थ पात्राच्या जागी आणावयाचा असतो. पुढील तिन्ही पद्धतींतील अडचणींचे मूळ या स्थलांतरात आहे.

२. पहिली पद्धत : मेथडमधील तपासणी

सर्वांत सरळ मार्ग असा, की ॲरेभोवती एक क्लास रचावा, मूल्य घालण्यासाठी एक मेथड द्यावी आणि त्या मेथडमध्ये मूल्य तपासावे. अयोग्य मूल्य आल्यास तेथेच आज्ञावली थांबवावी. चूक करणाऱ्या ओळीचा क्रमांक संदेशात मिळतो, त्यामुळे प्रस्तावनेतील अडचण बऱ्याच अंशी दूर होते. मेथडला डोमेनचे ज्ञानही देता येते. गुण शून्य ते शंभर यांच्या दरम्यान असावेत, ही अट ‘पूर्णांक’ या प्रकारापेक्षा अधिक नेमकी आहे आणि ती येथे सहज लिहिता येते.

या पद्धतीचा कमकुवतपणा पर्लच्या ऑब्जेक्टच्या रचनेत आहे. पर्लमध्ये ऑब्जेक्ट म्हणजे एखाद्या क्लासचे नाव चिकटविलेला रेफरन्स. ज्याच्या हाती तो रेफरन्स आहे, त्याला मेथड टाळून आतील ॲरेपर्यंत थेट पोहोचता येते. खाजगीपणाची हद्द पर्लमध्ये सौजन्याने पाळावयाची असते, सक्तीने नव्हे, ही भूमिका भाषेच्या अधिकृत दस्तऐवजांतही स्पष्टपणे मांडलेली आहे. समजूतदार सहकाऱ्यांच्या छोट्या गटात हे सौजन्य पुरते. वर्षानुवर्षे अनेक हातांखालून जाणाऱ्या आज्ञावलीत त्यावर विसंबणे धोक्याचे असते.

याहून अधिक वेळा घडणारी चूक क्लास लिहिणाऱ्याकडूनच होते. ‘सर्व घटक द्या’ अशी मेथड लिहिताना घटकांची प्रत देण्याऐवजी आतील ॲरेचा रेफरन्सच परत केला जातो. पुढच्या दाराशी रखवालदार बसवून मागच्या दाराची किल्ली पाहुण्याच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार होतो. ऑब्जेक्ट तयार करताना बाहेरून आलेला रेफरन्स जसाच्या तसा साठविला, तरी परिणाम तोच. तपासणी झाल्यानंतरही मूळ मालकाच्या हाती त्याच ॲरेची दुसरी किल्ली राहते. आत घेताना प्रत करणे आणि बाहेर देताना प्रत करणे, हे दोन नियम पाळले तरच या पद्धतीतील तपासणीला अर्थ उरतो.

३. दुसरी पद्धत : ‘टाय’

‘टाय’ ही पर्लची खास सोय आहे. साध्या ॲरेला एका क्लासशी बांधता येते. त्यानंतर ॲरेवरील प्रत्येक नेहमीची क्रिया पर्ल स्वतःच त्या क्लासच्या ठरावीक मेथडकडे वळविते. घटक लिहिला की ‘स्टोअर’, वाचला की ‘फेच’, शेवटी जोडला की ‘पुश’, मधे घातला की ‘स्प्लाइस’ ही मेथड चालते. वापरणाऱ्याला वेगळे काही शिकावे लागत नाही. तो नेहमीचाच ॲरे वापरीत असतो. तपासणी साठवणुकीच्या क्षणी होते, हे या पद्धतीचे मोठे श्रेय आहे.

तथापि या पद्धतीच्या अंमलबजावणीत काही सूक्ष्म सापळे आहेत. पहिला सापळा वारशाचा आहे. पर्लसोबत दोन आयते पूर्वज-क्लास मिळतात. ‘टाय::ॲरे’ या क्लासमधील ‘पुश’, ‘अनशिफ्ट’ आणि ‘स्प्लाइस’ या मेथड मूल्य ठेवण्यासाठी ‘स्टोअर’लाच बोलावतात. ‘टाय::एसटीडी-ॲरे’ या दुसऱ्या क्लासमध्ये मात्र याच मेथड आतील ॲरेवर थेट काम करतात. दुसरा क्लास वेगवान आणि सोयीचा असल्याने अनेकांचा कल त्याच्याकडे असतो. त्याचा वारसा घेऊन केवळ ‘स्टोअर’ नव्याने लिहिली, तर क्रमांक देऊन लिहिलेले घटक तपासले जातात आणि ‘पुश’ने जोडलेले घटक विनातपासणी आत येतात. यादी वाढविण्याचा सर्वाधिक वापरातला मार्ग ‘पुश’ आहे, हे लक्षात घेता ही तपासणी आभासीच ठरते. चाचणी घेणाऱ्यानेही केवळ क्रमांक देऊन मूल्य लिहून पाहिले, तर दोष उघड होत नाही.

दुसरा सापळा संपूर्ण यादी एकदम बदलण्याचा आहे. बांधलेल्या ॲरेला नवी यादी दिली, की पर्ल प्रथम ‘क्लिअर’ मेथड चालवून ॲरे रिकामा करते आणि नंतर एकेक घटकासाठी ‘स्टोअर’ चालविते. शंभर घटकांच्या यादीतील साठावा घटक अयोग्य असेल, तर तपासणी त्याला योग्य रीतीने अडविते. परंतु त्या क्षणी जुनी यादी नाहीशी झालेली असते आणि नव्या यादीचे ५९ घटक आत आलेले असतात. चूक पकडून आज्ञावली पुढे चालू ठेवणाऱ्याच्या हाती अर्धवट ॲरे उरतो. त्यातील प्रत्येक घटक योग्य प्रकारचा असतो, पण यादी म्हणून तो ॲरे खोटा असतो. ‘सर्व किंवा काहीच नाही’ हे तत्त्व हवे असल्यास आधी सर्व घटक तपासून मगच अदलाबदल करणारी स्वतंत्र मेथड द्यावी लागते. म्हणजे पुन्हा पहिल्या पद्धतीचा आधार घ्यावा लागतो.

तिसरा सापळा रिकाम्या जागांचा आहे. पाच घटकांच्या ॲरेत विसाव्या जागी मूल्य ठेवले, तर ‘स्टोअर’ एकदाच, त्या एका मूल्यासाठी चालते. मधल्या जागा अव्याख्यात राहतात आणि त्यांच्यासाठी कोणतीही तपासणी होत नाही. ॲरेची लांबी थेट वाढविल्यासही असेच घडते. ‘सर्व घटक पूर्णांक आहेत’ हे वचन, कोणीही अयोग्य मूल्य न लिहिता, मोडलेले असते. म्हणून लांबी बदलणारी ‘स्टोअर-साइझ’ ही मेथड आणि ‘स्टोअर’कडे येणारा क्रमांक यांचीही तपासणी करावी लागते.

याखेरीज ‘अनटाय’ केल्यास बंधन सुटते, ही बाब आहेच. वेगाचाही प्रश्न उरतो. साध्या ॲरेतील वाचन-लेखन पर्लच्या अंतर्गत यंत्रणेत घडते, तर बांधलेल्या ॲरेत प्रत्येक वेळी एक मेथड चालवावी लागते. वाचताना तपासण्यासारखे काही नसले, तरी वाचनालाही हा खर्च पडतो.

४. तिसरी पद्धत : मूस आणि प्रकारांना मिळालेली नावे

२००६ साली स्टीव्हन लिटल यांनी ‘मूस’ ही ऑब्जेक्ट-प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे पर्लमधील क्लासलेखनाचे रूप पालटले. गुणधर्माची घोषणा करतानाच त्याचा प्रकार सांगण्याची सोय तिने दिली. ‘पूर्णांकांचा ॲरे-रेफरन्स’ असा प्रकार एका ओळीत लिहिता येऊ लागला. पुढे टोबी इंकस्टर यांच्या ‘टाइप::टायनी’ने अशी प्रकारनामे कोणत्याही एका ऑब्जेक्ट-प्रणालीवर अवलंबून न राहता वापरण्याचा मार्ग खुला केला. या परंपरेचे योगदान तांत्रिक आहे तितकेच भाषिकही आहे. पूर्वी तपासणी मेथडच्या पोटात दडलेली असे. आता तिला नाव मिळाले. नाव मिळाले म्हणजे ती वाचता येते, पुन्हा वापरता येते आणि तिच्याविषयी चर्चा करता येते.

परंतु नावामुळे एक गैरसमजही बळावला. ‘पूर्णांकांचा ॲरे-रेफरन्स’ ही घोषणा वाचणाऱ्याला वाटते, की या ॲरेत पूर्णांकाव्यतिरिक्त काही येऊच शकणार नाही. प्रत्यक्षात मूसची ही तपासणी गुणधर्माला मूल्य देण्याच्या क्षणी, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना किंवा गुणधर्म बदलताना होते. त्या क्षणी ॲरेतील प्रत्येक घटक पाहिला जातो. त्यानंतर कोणी तो रेफरन्स मागून घेतला आणि त्यावर ‘पुश’ केले, तर मूसला त्याची वार्ताही लागत नाही. घोषणा एका क्षणाविषयी बोलते, वाचक मात्र तिला कायमची हमी समजतो.

मूसने यावर ‘नेटिव्ह ट्रेट’ हा उपाय दिला आहे. गुणधर्माचा रेफरन्स बाहेर न देता ‘जोडा’, ‘काढा’, ‘मोजा’ अशा निवडक क्रियांनाच मेथडचे रूप द्यावयाचे. या मार्गाने जोडलेला घटक प्रकारनामाशी ताडून पाहिला जातो. ‘टाइप::टाय’ हे मोड्यूल प्रकारनाम आणि ‘टाय’ यांची सांगड घालून तपासणी चलावरच बसविते. हे दोन्ही उपाय पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. पहिला उपाय मेथडच्या पद्धतीकडे परततो आणि दुसरा टायच्या पद्धतीकडे. प्रकारनामाने ‘काय तपासावे’ हे नीट सांगितले, ‘कोठे तपासावे’ हा प्रश्न मात्र जुन्या दोन उत्तरांवरच सोपविला.

खर्चाचा हिशेबही येथेच करणे योग्य होईल. प्रत्येक नवा घटक आल्यावर संपूर्ण ॲरे पुन्हा तपासावयाचे ठरविले, तर १००० घटकांची यादी तयार होईपर्यंत १ + २ + ३ अशा क्रमाने एकूण ५,००,५०० तपासण्या होतील. केवळ येणारा घटक तपासल्यास १००० तपासण्या पुरतात. तपासणी महाग पडते म्हणून ती काढून टाकण्याचा निर्णय अनेकदा घेतला जातो. त्या महागाईचे कारण पुष्कळदा तपासणीच्या चुकीच्या जागेत असते.

५. तपासावयाचे काय? संख्या, अंक आणि देवनागरी

जागेचा प्रश्न सुटला, तरी अर्थाचा प्रश्न शिल्लक राहतो. ‘हे मूल्य संख्या आहे का?’ या प्रश्नाला पर्लमध्ये एकच उत्तर नाही. अक्षररूपात आलेल्या पंचेचाळीसला संख्या म्हणावे काय? फायलीतून किंवा अर्जातून आलेले प्रत्येक मूल्य अक्षररूपातच येते. ते नाकारले, तर व्यवहार थांबेल.

‘स्केलर::युटिल’ या मोड्यूलमधील ‘लुक्स-लाइक-नंबर’ हे फंक्शन मूल्य संख्येसारखे दिसते का, एवढेच विचारते. त्याच्या लेखी घातांकाच्या रूपातील संख्या तर चालतेच, पण ‘अनंत’ आणि ‘संख्या-नाही’ या कल्पनांसाठीचे इंग्रजी संक्षेपही संख्येत मोडतात. गणिताच्या आज्ञावलीत हे रास्त आहे, गुणपत्रकात नाही. २०२२ च्या ५.३६ या आवृत्तीत मूल्य संख्या म्हणून जन्मले की अक्षरमालिका म्हणून, हे सांगणारी फंक्शने आली. परंतु ती मूल्याचा जन्म सांगतात, त्याची योग्यता सांगत नाहीत.

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अंकांचे आहे. मूल्य केवळ अंकांचे बनलेले आहे का, हे पाहण्यासाठी पर्लमध्ये नमुन्याची भाषा वापरतात. त्या भाषेत ‘कोणताही अंक’ दर्शविणारे एक संक्षिप्त चिन्ह आहे. मजकूर युनिकोड अक्षरे म्हणून वाचलेला असेल, तर या चिन्हात जगातील सर्व लिप्यांचे दशमान अंक येतात. साहजिकच देवनागरी ‘४५’ त्यात बसते आणि तपासणी त्याला पूर्णांक म्हणून आत घेते. मात्र ‘+’ या चिन्हाची संख्यारूपांतराची यंत्रणा केवळ इंग्रजी अंक ओळखते. तिच्या लेखी देवनागरी ‘४५’ चे मूल्य शून्य आहे. एकाच भाषेच्या दोन यंत्रणा ‘अंक’ या शब्दाचा अर्थ दोन प्रकारे लावतात. परिणामी मूल्य तपासणीत उत्तीर्ण होते आणि बेरजेत शून्य ठरते.

प्रस्तावनेतील ‘अनु.’ या उदाहरणापेक्षा ही अवस्था अधिक गंभीर आहे. तेथे तपासणी नव्हती, म्हणून दोष आत आला. येथे तपासणी आहे आणि तिच्या संमतीने दोष आत आला आहे. मराठीतून माहिती भरण्याची सोय असलेल्या कोणत्याही प्रणालीत हे घडू शकते, आणि ज्याचे गुण शून्य झाले त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही तांत्रिक बारकाव्याची गोष्ट राहत नाही. यावर उपायही साधा आहे. २०११ च्या ५.१४ या आवृत्तीपासून नमुन्याला केवळ इंग्रजी अंकांपुरते मर्यादित करण्याची खूण उपलब्ध आहे. त्यापूर्वीही अंकांची व्याप्ती स्पष्ट लिहिता येत होतीच. पण केवळ नाकारणे म्हणजे मराठीत अंक लिहिणाऱ्यालाच दोषी ठरविणे होय. ॲरेच्या दाराशी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करावे आणि मग तपासावे, हा क्रम अधिक न्याय्य आहे. मूस आणि टाइप::टायनी या दोहोंतही प्रकारासोबत असे रूपांतर जोडण्याची सोय आहे.

घटक ऑब्जेक्ट असतील, तर अर्थाचा प्रश्न वेगळे वळण घेतो. क्लासचे नाव अक्षरशः ताडून पाहणारी तपासणी त्या क्लासच्या वारसांना नाकारते. ती चूक टाळण्यासाठी वारसा विचारात घेणारी ‘इसा’ ही मेथड पूर्वीपासून आहे आणि २०२० च्या ५.३२ आवृत्तीत त्याच नावाचा ऑपरेटरही आला. मात्र ऑब्जेक्ट ॲरेत शिरल्यानंतर त्याच्या अंतरंगात होणारे बदल ॲरेची तपासणी पाहू शकत नाही. यादीतील यादीलाही हेच लागू पडते. ॲरेची हमी एका पातळीपुरती असते, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

६. आक्षेप आणि इतर भाषांची साक्ष

ज्याला काटेकोर प्रकार हवे आहेत त्याने पर्ल वापरूच नये, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप इतर भाषांच्या अनुभवावर तपासून पाहता येतो. जावामध्ये २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून ‘पूर्णांकांची यादी’ असा प्रकार लिहिता येतो आणि कंपायलर तो तपासतो. पण आज्ञावली चालू असताना ही प्रकारमाहिती यादीजवळ राहत नाही. जुन्या पद्धतीच्या कोडमधून चुकीचा घटक त्या यादीत शिरू शकतो. म्हणूनच त्याच आवृत्तीत, साठविण्याच्या क्षणी तपासणी करणारे ‘चेक्ड-लिस्ट’ हे वेष्टन जावाला द्यावे लागले. पायथनमध्ये २०१५ पासून प्रकारांच्या नोंदींची प्रमाणित पद्धत आहे. मात्र भाषा स्वतः त्या नोंदी आज्ञावली चालू असताना तपासत नाही, ते काम स्वतंत्र साधनांवर सोपविलेले आहे.

पर्लच्या घराण्यातील राकू या भाषेचा दाखला अधिक बोलका आहे. पर्लची सहावी आवृत्ती म्हणून २००० साली जाहीर झालेली ही भाषा २०१५ च्या अखेरीस प्रत्यक्षात आली आणि २०१९ मध्ये तिने राकू हे वेगळे नाव घेतले. तिच्यात ॲरे घोषित करतानाच घटकांचा प्रकार लिहिता येतो आणि अयोग्य घटक जोडू पाहताच भाषा स्वतः त्याला अडविते. प्रकार लिहिणे ऐच्छिक आहे, त्यामुळे जुनी मोकळीकही टिकते. तपासणीची योग्य जागा ॲरेची साठवणूकच होय, असा कौल पर्लच्या रचनाकारांनीच येथे दिला आहे. मूळ पर्लमध्ये मात्र हा बदल झालेला नाही. २०२३ च्या ५.३८ आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात आलेल्या नव्या क्लास-रचनेत ॲरे हे थेट क्षेत्र म्हणून घोषित करता येते आणि ते बाहेरून सहज हाताळता येत नाही. त्यामुळे मागच्या दाराचा प्रश्न बराच सौम्य होतो. घटकांच्या प्रकाराची जबाबदारी मात्र त्या रचनेने क्लास लिहिणाऱ्यावरच ठेवली.

दुसरा आक्षेप असा, की चांगल्या चाचण्या असतील तर तपासणीची गरज नाही. पर्ल-समाजाची चाचणीसंस्कृती खरोखरच समृद्ध आहे. परंतु चाचणी आज्ञावलीकाराने कल्पिलेल्या मूल्यांवर चालते, तर तपासणी प्रत्यक्ष आलेल्या मूल्यांवर. देवनागरी अंकांची कल्पनाच ज्याने केली नाही, त्याच्या चाचणीत ते येणार नाहीत. कामकाजात मात्र ते येतील.

निष्कर्ष

१) पर्लमध्ये पात्रांचे प्रकार निश्चित असून घटकांचा अर्थ क्रियेवरून ठरतो. ॲरेवर प्रकार-तपासणी बसविणे म्हणजे हा अर्थ क्रियेकडून पात्राकडे आणणे होय.

२) मेथडमधील तपासणी आत घेताना आणि बाहेर देताना प्रत केल्याशिवाय टिकत नाही. टायमधील तपासणी सर्व मार्गांवर असली, तरी वारसा, अर्धवट बदल आणि रिकाम्या जागा यांची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते.

३) मूस आणि तत्सम साधनांनी प्रकारांना नावे दिली, हे त्यांचे मोठे योगदान आहे. तथापि ही घोषणा मूल्य देण्याच्या क्षणापुरती असते, हे वापरणाऱ्याने जाणले पाहिजे.

४) ‘संख्या’ या शब्दाचा अर्थ तपासणीत आणि गणितात एकच असला पाहिजे. देवनागरी अंकांचे उदाहरण या दोहोंतील अंतर स्पष्ट करते.

५) ज्या ॲरेची मूल्ये आज्ञावलीबाहेरून येतात आणि ज्यांच्यावर कोणाचे हित अवलंबून आहे, तेथे तपासणीचा खर्च करणे आवश्यक आहे. आज्ञावलीच्या पोटात क्षणभर वापरल्या जाणाऱ्या ॲरेवर तो करणे अनाठायी आहे.

समारोप

पर्लने आपल्या वापरकर्त्यावर विश्वास ठेवला. अनुभवी माणसाच्या हाती त्या विश्वासाने विलक्षण गती दिली. पण ॲरेत येणारी मूल्ये पुष्कळदा अशा माणसांकडून येतात, ज्यांना पर्ल हे नावही ठाऊक नसते. गुण भरणारा लिपिक, अर्ज भरणारा विद्यार्थी, नमुन्यांची नोंद करणारा प्रयोगशाळा-सहायक यांनी भाषेशी कोणताही करार केलेला नसतो. त्यांच्या आणि बेरजेच्या मध्ये कोणीतरी उभे राहावे लागते. ते काम पर्ल आपणहून करीत नाही, करू इच्छिणाऱ्याला मात्र साधने पुरविते. अभ्यासक्रमात पर्लचा किंवा तत्सम भाषेचा ॲरे शिकविताना घटक कसा जोडावा, याबरोबरच कोणता घटक कोठे अडवावा, हेही शिकविले गेले, तर या साधनांचा खरा उपयोग होईल.